नाववाल्या धुनीच्या दोन चाली

सोयाबीन सोंगणीला, म्हणजे कापणीला आलं की वाशीमच्या हवेला एक कोरडा, भाजल्या दाण्यासारखा वास येतो. तो वास मला आधी नाकात जाणवत नाही, घशात जाणवतो. मी ज्या शाळेत विज्ञान शिकवते तिच्या मागेच वावरं लागतात. थ्रेशर सुरू झालं की बारीक भुसा खिडक्यांच्या गजांवर येऊन बसतो, फळ्यावर बसतो, मुलांच्या केसांत बसतो. मागचे बाक रिकामे पडू लागतात. हजेरी घेताना कुणीतरी सांगतं, "मॅडम, तो सोंगाले गेला." मी मान हलवते आणि पुढचं नाव घेते.

यंदा याच दिवसांत, दुपारच्या सुट्टीत, पुण्याहून वंदनाताईचा मेसेज आला. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मेसेजमध्ये एक गाण्याचा तुकडा होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं: ओळख.

मी फोन कानाला लावला. टिणटिण करणारी, कॉम्प्युटरच्या जुन्या खेळांमधली असते तशी एक धून वाजली. सूर ओळखीचे होते. अगदी जवळचे होते. पण कुणीतरी ओळखीचं माणूस समोरून घाईघाईनं निघून जावं आणि आपण हाक मारेपर्यंत वळणावर दिसेनासं व्हावं, तसं काहीतरी झालं. मी पुन्हा लावली. मग ताईला फोन केला.

"ताई, हे आपल्या खेळातली नाववाली धून हाय ना?"

"मंग? इंटरनेटवर सापडली. पोरानं शोधून देल्ली."

"पन कोनीतरी पळवली हाय तिले. आपली अशी नव्हती."

"मीबी तेच म्हटलं त्याले. तो म्हनते, मम्मी हेच खरी हाय. तुमी जे आयकलं ते हळू होतं."

"आपन काहून हळू आयकू?"

"आपला टीव्ही हळू होता म्हनते."

टीव्ही हळू होता, हे ऐकून मला हसू आलं. पण तास सुरू व्हायची घंटा झाली तरी मी स्टाफरूममध्ये फोन हातात धरून तशीच बसले होते. कारण ती धून आमच्या घरात नुसती वाजली नव्हती. ज्या वर्षी बाबांचा उजवा हात जवळजवळ गेला होता, त्या वर्षीच्या सोयाबीनच्या दिवसांत ती वाजली होती.

आमचं घर किन्हीराजाचं. बाबांकडे थोडं वावर होतं, पण गावात आणि आसपास ते ओळखले जात बँडवाले उत्तमभाऊ म्हणून. ते क्लॅरनेट वाजवायचे. आमच्याकडे त्याला किलारनेट म्हणतात. लग्नसराईत जऊळक्यापासून आसेगावापर्यंत त्यांच्या पार्टीला बोलावणं असे. मला आठवतात ते बाबा पांढऱ्या गणवेशातले, खांद्यावर सोनेरी झालर, गालफडं फुगलेली आणि डोळे मिटलेले. लग्नाच्या वरातीत सगळं जग नाचत असताना हा एक माणूस डोळे मिटून कुठेतरी आत उभा असे. घरी आल्यावर ते क्लॅरनेटचे तुकडे सुटे करायचे, मऊ फडक्यानं पुसायचे आणि लाकडी पेटीत निजवायचे. त्या पेटीला आम्हा बहिणींना हात लावायची मुभा नव्हती.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास घर गळू लागलं म्हणून बाबा टिनावर चढले आणि पाय घसरून खाली आले. उजवं मनगट मोडलं. पलस्तर पडलं. पलस्तर निघालं तोवर दसरा आला होता आणि शिवारात सोयाबीन पिवळं पडून वाळलं होतं. पलस्तराखालून निघालेला हात मी पाहिला तेव्हा तो मला बाबांचा वाटलाच नाही. बारीक, पांढुरका, सुरकुतलेला. मनगट वळत नव्हतं. अंगठा आणि पुढची दोन बोटं जरा हलत, पण अनामिका आणि करंगळी लाकडासारखी ताठ झाली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि दिवसभर दाबत राहा म्हणून सांगितलं.

बाबांनी तो चेंडू थोडे दिवस दाबला. मग तो खाटेखाली गेला आणि तिथेच राहिला.

"दाबा ना बाबा," ताई म्हणायची.

"ह्या बोटांत जीव नाई राह्यला पोरी. कायले दाबू?"

विळा धरता येत नव्हता, म्हणून वावरात जाता येत नव्हतं. क्लॅरनेट धरता येत नव्हतं, म्हणून पेटी उघडत नव्हते. पार्टीतले ढोलवाले किसनाकाका संध्याकाळी येऊन बसायचे. "उत्तमभाऊ, लग्नसराईले अजून लय टाइम हाय," म्हणायचे. बाबा हूं म्हणायचे. काका गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपून जायचे. त्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, पण बाबांचे डोळे फोटोवर नसत. भिंत पाहत असावेत नुसती.

आई आणि ताई सोंगणीला जायच्या. सोयाबीनच्या वाळल्या शेंगांची टोकं काट्यासारखी असतात. दोघींचे तळहात संध्याकाळी खरचटून लाल झालेले असत. मी लहान, म्हणून मला घरी ठेवत. बाबांजवळ बस, पाणी दे, त्यांना एकटं ठेवू नको. मी बसायची. काय बोलावं ते मात्र कळत नसे.

अशात नागपूरचा मामा बाबांना पाहायला आला, आणि येताना आम्हा दोघींसाठी एक कॉम्प्युटर घेऊन आला. खरं तर तो होता एक मोठा कीबोर्ड. त्याची वायर टीव्हीला लावायची आणि वरच्या खाचेत कॅसेट खोचायची. टायपिंग शिका, गणितं सोडवा, असं मामा म्हणाला. आम्ही एक दिवस गणितं सोडवली. दुसऱ्या दिवशी त्याच कॅसेटमध्ये खेळ असल्याचं ताईला सापडलं.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, सरकत्या शटरचा. त्यावर एक नदी यायची, एक छोटी नाव यायची, नावेत टोपीवाला एक माणूस. फळं उचलायची, दगड चुकवायचे. आणि मागे ती धून. चार ओळींची. पहिल्या दोन ओळी सरळ चढायच्या, तिसऱ्या ओळीत सूर पायऱ्या उतरल्यासारखे भराभर खाली यायचे आणि चौथीत सगळं पाण्यासारखं सपाट व्हायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. नाव किनाऱ्याला लावून ठेवली की खेळ पुढे सरकत नसे, पण धून चालूच राही.

एका दुपारी मी खेळत होते आणि नाव दगडावर आपटली. धून थांबली. मागून बाबांचा आवाज आला.

"बंद काहून केलं?"

"केलं नाई बाबा. नाव बुडाली."

"लाव परत."

मी लावली. वळून पाहिलं तर बाबा खाटेवर उठून बसले होते. त्यांचा उजवा हात खाटेच्या कडेवर होता आणि दोन बोटं लाकडावर हळूहळू उठत होती, बसत होती. तिसरी ओळ आली की बोटं अडखळायची. बाबा तोंडानं च्यक करायचे, चौथी ओळ सोडून द्यायचे आणि पहिल्या ओळीची वाट बघत बसायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चुलीजवळच्या सरपणातून तुराटी आणायला सांगितली. तुरीची ती सरळ, वाळकी काडी त्यांनी हातभर मोडून घेतली, दोन्ही हातांत क्लॅरनेटसारखी उभी धरली आणि म्हणाले, "ते नाव काठाले लावून ठेव. पुढं नको नेऊ."

त्यानंतर रोज वीज असेल तेवढा वेळ आमची नाव काठाला उभी असे. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. बाहेर कुठेतरी थ्रेशरची घरघर चालू असायची, दारातून भुशाची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत आत यायची, आणि खाटेवर माझा बाप एक वाळकी काडी मुकाट वाजवत बसलेला असायचा. अनामिका आधी वाकली. थोडीशीच. मग जास्त. करंगळी काही केल्या ऐकत नव्हती. तिसऱ्या ओळीच्या उतारावर ती नेमकी लागायची आणि नेमकी मागे पडायची. बाबा डाव्या हातानं तिला दाबून वाकवायचे, कपाळाला घाम यायचा, आणि पुन्हा पहिली ओळ. खाटेखालचा चेंडू मी पुढे खेळायला घेतला तरी त्यांनी विचारलं नाही.

आता भाच्यानं सांगितलेलं मी नीट समजून घेतलं आहे. विज्ञानाची शिक्षिका असून मला ते ठाऊक नव्हतं. टीव्हीवरचं चित्र सलग दिसतं, पण ते दर सेकंदाला कितीतरी वेळा नव्यानं रंगवलं जातं. आपल्याकडच्या टीव्हीत पन्नास वेळा, जपान-अमेरिकेतल्या टीव्हीत साठ वेळा. त्या जुन्या खेळांमधलं संगीत चित्राच्या तालावर चालायचं. एक चित्र झालं की धून एक पाऊल पुढे. हे खेळ बनले साठवाल्या देशात आणि आमच्या घरी आले पन्नासवाल्या टीव्हीवर. तिथे पन्नास सेकंदांत संपणारी धून आमच्या खोलीत पूर्ण मिनिट घ्यायची. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं हळू होतं आणि आवाजही जाड होतो, तसं इथे होत नसे. सुरांचा हिशेब यंत्रात वेगळा होता. सूर जवळजवळ तेच राहायचे, चाल तेवढी संथ व्हायची. म्हणून आम्हाला कधी संशय आला नाही. बेसूर झालं असतं तर बाबांनी पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

हे कळल्यापासून मनात एक विचार येतो आणि मी तो दूर सारत नाही. तिसऱ्या ओळीच्या उतारावर दोन सुरांच्या मध्ये जी एवढीशी जागा होती, ती त्या धून रचणाऱ्यानं ठेवलेलीच नव्हती. ती आमच्या टीव्हीनं न सांगता दिली होती. त्या जागेत बाबांची करंगळी पडत, उठत, उशिरा का होईना पोचत होती. टीव्ही साठवाला असता तर त्यांनी ती काडी चेंडूसारखीच टाकून दिली असती का? मला सांगता येत नाही. माणूस हट्टाला पेटला तर कशावरही शिकतो. पण त्या दिवसांतले बाबा हट्टाचे नव्हते. कुणीतरी आपल्यासाठी जरा थांबायला हवं, अशा अवस्थेत होते. आणि घरात थांबायला कुणाला वेळ नव्हता, पीक उभं होतं.

तुरी निघाल्या तेव्हा पेटी उघडली. बाबा किसनाकाकांच्या घरी जाऊन वाजवू लागले. आधी नेहमीची लग्नाची गाणी, आणि मग एक दिवस नाववाली धून. पार्टीतल्या लोकांना ती कुठल्या सिनेमातली ते कळेना. "कॉम्पुटरमंदली हाय," बाबा म्हणाले, आणि त्यांच्यात तिचं नाव पडलं कॉम्पुटर धून.

उन्हाळ्यात आसेगावच्या एका लग्नात ती पहिल्यांदा वरातीत वाजली. आई, ताई, मी, सगळ्या गेलो होतो. बाबा त्या पांढऱ्या गणवेशात पुढे उभे होते आणि आई त्यांच्या तोंडाकडे नाही, उजव्या हाताकडे बघत होती. पहिली दोन आवर्तनं आमच्या घरातल्यासारखी गेली. मग किसनाकाकांच्या ढोलानं रेटा द्यायला सुरुवात केली. नवरदेवाचे मित्र नाचायला पुढे सरसावले, ताशा चढला, आणि धून पळू लागली. तिसऱ्या ओळीचा उतार आला. बाबांची बोटं, करंगळीसकट, त्या उतारावरून खडे घरंगळावेत तशी खाली आली. गर्दीत कुणीतरी शिट्टी मारली. आई नुसती उभी होती.

मला मात्र ते आवडलं नव्हतं. परतताना टेम्पोत मी म्हणाले, "बाबा, तुमी चुकले. टीव्हीत असं पळत नाई ते."

किसनाकाका मोठ्यानं हसले. "आयका उत्तमभाऊ! पोट्टी परीक्षा घेऊन राह्यली तुमची."

बाबा मला मांडीजवळ ओढून म्हणाले, "वरातीत नाचा लागते बेटा. हळू वाजवलं तं लोक झोपतीन."

परवाच्या रविवारी मी किन्हीराजाला गेले. आमच्या तालुक्याच्या मालेगावहून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोंगलेल्या सोयाबीनचे ढीग ताडपत्रीखाली झाकलेले होते. बाबा आता थकले आहेत. पुढचे दात गेले, त्यामुळे क्लॅरनेट तोंडात ठरत नाही. वरातींना डीजे आल्यावर पार्टीही मोडली. किसनाकाका गेल्या वर्षी गेले. बाबा दारासमोर खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला जय भीम घालतात आणि कुणाच्या वावरात किती झालं ते विचारतात. आई अजून वावरात एक चक्कर मारून येते. मजुरांवर तिचा विश्वास नाही.

जेवणं झाल्यावर मी बाबांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं, म्हटलं, "काईतरी आयकवाचं हाय." आणि ताईनं पाठवलेली धून लावली.

दोन ओळी होईस्तोवर त्यांचा चेहरा कोरा होता. तिसरी ओळ उतरली आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चालू लागली. भराभर. कुठेही न अडखळता. मी पाहत राहिले. माझ्या कानांना घाईची वाटलेली ती चाल त्यांच्या बोटांना नवी नव्हती. आसेगावच्या वरातीत किसनाकाकांच्या ढोलानं त्यांना जिथे नेऊन सोडलं होतं, ही धून तिथेच चालली होती. ज्यानं ती रचली त्या दूरदेशीच्या माणसाच्या मनातली चाल आमच्या पार्टीनं न पाहता, न विचारता गाठली होती, निदान त्या खोलीत मला तरी तसंच वाटलं. टेम्पोत मी ज्याला चूक म्हटलं होतं ते बरोबर होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. पन्नास, साठ, चित्र, चाल. ते मन लावून ऐकत होते.

"म्हंजे आपल्या टीव्हीनं तिले धरून ठेवलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"आता हळूवाली लाव."

भाच्यानं तीही पाठवली होती, पन्नासवाली. मी लावली. बाबांची बोटं थांबली. मान खाली गेली. धून संपून पुन्हा सुरू झाली तेव्हा ते म्हणाले, "ते पहिली वरातीतली. आन् हे घरातली."

भांडी घासून आई पदराला हात पुसत दारात आली होती. ती कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं.

"बंद कर ते," ती म्हणाली.

मी बंद केलं. "काहून माय?"

"मले राग ये त्या धुनीचा. दिवसभर सोंगून याचं, हाताची सालं निघालेली, आन् घरात पाय टाकला की हे टिणटिण. तुमी दोघं टीव्हीपुढं. स्वयंपाकाले लाकडं नाई, पानी नाई. वाटे, उचलावं आन् कॉम्पुटर आडात टाकावं."

इतक्या वर्षांत ती हे कधी म्हणाली नव्हती.

मग ती दाराच्या चौकटीला टेकली. आवाज उतरला.

"एक दिवस दुपारीच परत आली मी. विळ्याची मूठ निघाली होती. लाइन गेलेली होती गावातली. हे पोट्टी माह्या बहिनीकडं गेली होती. आन् घरातून ते धून आयकू ये. मी म्हटलं, लाइन नाई तं टीव्ही कसा वाजून राह्यला? अंगनात आली, तं किलारनेट."

बाबांनी मान वर केली.

"थांबू थांबू वाजवून राह्यले होते. एक सूर लागे, एक नाई लागे. मंग परत पयल्यापासून. मी आत नाई गेली. भितीजवळ बसली, उन्हात. आत गेली असती तं थांबले असते हे."

"कवा गं?" बाबा म्हणाले. "मी तं किसन्याच्या घरी पयल्यांदा..."

"घरी पयले. माह्यापुरतं मले माईत हाय."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"दारातून पाह्यलं, तं तुमी पेटी बंद करून परत भितीकडं तोंड करून झोपले. मी म्हटलं, ह्यायले कोनी आयकलेलं नाई पाह्यजे आत्ताच. म्हनून परत वावरात गेली. तशाच मोडक्या विळ्यानं सोंगलं."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर उताणा पडला होता. आईनं मग माझ्याकडे पाहिलं.

"लाव," ती म्हणाली. "हळूवाली लाव."

मी लावली. ती आत आली आणि बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, आणि धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली तरी उठली नाही.